परवानाधारक

आमच्या पिंपरीतले शेठ चेहऱ्याआधी कमरेवरून ओळखू येतात. पांढरा शर्ट उजव्या बाजूला किंचित फुगलेला. आतलं दिसू नये म्हणून शर्ट बाहेर सोडलेला आणि दिसावं म्हणून हॉटेलात बसताना तो हळूच वर सरकवलेला.

जमीन एमआयडीसीत गेली, चाकणला भंगाराचं कंत्राट मिळालं, आणि पाठोपाठ जिवाला धोका निर्माण झाला. निदान अर्जात तसं लिहिलं. २०१८ साली शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाल्यामुळे परवान्याची सोयही गावातच झाली. "धोका कुणापासून?" या प्रश्नाला शेठ जरा अडखळले, तेवढं ठरवायचं राहून गेलं होतं.

पिस्तूल आलं आणि शेठच गरीब झाले. पूर्वी पार्किंगवरून कॉलर धरणारा माणूस आता गाडीला ओरखडा काढणाऱ्यालाही हात जोडतो. "हात कमरेकडं गेला, असं कुणी लिहून दिलं की परवाना गेला!" रोज रात्री काडतुसं मोजायची, कपाटाला कुलूप लावायचं, किल्ली नातवापासून लपवायची. निवडणुकीत आदेश निघाला की पिस्तूल ठाण्यात जमा. तेवढे दिवस शेठना शांत झोप लागते.

मोशीच्या लॉन्सवर पुतण्याची वरात आली. पोरं म्हणाली, "शेठ, एक बार होऊन जाऊ द्या!"

"२०१९ पासून आनंदानं उडवला तरी दोन वर्षांपर्यंत आत, नाहीतर लाखापर्यंत दंड. दोन्हीही होतं. फटाके आणा."

न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची कलमं त्यांना तोंडपाठ. जिवावर बेतलं तर हक्क आहे, पण गरजेपुरताच. पोलिसांना बोलवायला सवड असेल तर तोही नाही.

परवा रात्री अंगणातल्या टेम्पोची बॅटरी दोघं काढत होते. शेठ गॅलरीत, पिस्तूल हातात, तोंडानं कलमं चाललेली: घरफोडी की नुसती चोरी? तेवढ्यात वहिनींनी दिवा लावला, "अहो, पुटपुटताय काय!" म्हणत ११२ फिरवला आणि अशी बोंब ठोकली की चोर बॅटरी टाकून पळाले.

सकाळी पुतण्या हळहळला, "एक तरी झाडायची होती, शेठ!"

"पळणाऱ्याच्या पाठीत? आणि त्याच्या आईला काय सांगू, बॅटरी वॉरंटीत होती म्हणून?"