आमच्याकडून तर बरोबर गेलंय

लॅपटॉपचा पडदा मी मुद्दाम काळा ठेवतो, अक्षरं हिरवी. नवी पेठेत चहा पिताना तो उघडला की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, पुणं-हैदराबाद सोडून सोलापुरात राहिलेली एक असामी इथं बसलीय. येणारा-जाणारा थांबतोही. वाकून बघतो आणि विचारतो, "सर, पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरून देता का?"

त्यामुळं अक्कलकोट रोडवरच्या एका चादरवाल्या मालकांचा "आमच्या वेबसाइटवर तारखा हुकायल्यात" असा फोन आला, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

ग्राहकाला दिसणारा पडदा जावास्क्रिप्टचा, त्यामागचं दुकान मालकांच्या भाच्यानं पीएचपीत उभारलेलं, आणि गोदामाचा हिशेब कुणीतरी जावात लिहून पुण्याला गेलेला. प्रत्येक ऑर्डर या तिघांच्या हातून जाणार. प्रोग्रॅमच्या मेमरीतली ऑर्डर तशीच उचलून दुसऱ्या भाषेला देता येत नाही. आधी तिची एका ओळीत अक्षरं करायची, मग पलीकडच्यानं ती वाचून आपल्या पद्धतीची ऑर्डर नव्यानं उभी करायची. याला सिरियलायझेशन म्हणतात. ही ओळ बहुधा जेसन नावाच्या साध्या मजकुरात असते आणि ती तिघांनाही वाचता येते. भांडण तिथूनच सुरू होतं.

१५ ऑगस्टची डिलिव्हरी गोदामात १४ ऑगस्टला लागत होती. जावास्क्रिप्ट आपल्या मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहितं, म्हणजे आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा. भाच्याच्या पीएचपीनं त्यातली तारीख तेवढी ठेवली आणि वेळ फेकून दिली.

"म्हणजे आपला माल पाकिस्तानच्या मुहूर्तावर निघायलाय का?" मालक म्हणाले.

मी म्हटलं, सोलापूरकरानं एका दिवसाचं काय घेऊन बसायचं? आपण १९३० च्या मे महिन्यातच काही दिवस इंग्रजांना शहराबाहेर काढलं होतं, मग मार्शल लॉ आला. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तारीख कधी दुरुस्त होणार ते विचारलं.

नंबरांचं दुखणं वेगळं. जावाला एकोणीस आकडी पूर्णांकसुद्धा पेलतो. जावास्क्रिप्टची खात्री ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. त्यापुढं शेजारचे दोन नंबर त्याला एकच वाटू शकतात. ऑर्डर नंबर अठरा आकडी. परिणामी कलबुर्गीच्या व्यापाऱ्याचे टॉवेल पंढरपूरच्या एका धर्मशाळेत पोचले. ट्विटरलाही २०१० साली याच कारणानं प्रत्येक नंबर अक्षरांच्या रूपात जोडीला द्यावा लागला होता. हे सांगताना माझा आवाज जरा चढला, जणू ट्विटरवाले तेव्हा मला विचारायला आले होते.

खरा संताप यायचा तो फोनवर. भाचा म्हणे, "आमच्याकडून तर बरोबर गेलंय." पुण्याचे जावावाले म्हणत, "आमच्याकडं आलं तेच चुकीचं." सवलत नसलेल्या गिऱ्हाइकासाठी पीएचपी रिकामी यादी पाठवायचं, जावाला हवे असायचे नावानिशी रकाने, आणि ते अख्खी ऑर्डरच नाकारायचं. दोघंही आपापल्या जागी हुशार. मधली ओळ उघडून वाचायला मात्र कुणाला सवड नव्हती.

इथं मला जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, बोलावंच लागेल. घरचे उठून जातात, तुम्हीही जाऊ शकता. चादरीवरचा मोर मागाला कळत नाही. आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात, मग चौकटी वाचत पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा, आणि सगळे पुठ्ठे ओळीनं शिवून एक लांबच लांब माळ. चोच, मान, पिसारा, सगळं एका रांगेत! ल्योंच्या जॅकार्डनं १८०४ साली हे जमवलं. पुढं याच पद्धतीनं त्याचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला २४,००० पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजनं अभिमानानं बाळगली होती, आणि आपल्या गणिती यंत्रासाठीही त्यानं असलेच पुठ्ठे योजले.

हे सगळं मी मालकांकडच्या एका म्हाताऱ्या कारागिरांना ऐकवलं. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, माझ्याशी मराठी. आयुष्यभर त्यांनी पुठ्ठ्यांना भोकंच पाडली होती. त्यांनी बॅबेजला मान डोलावली आणि म्हणाले, "पण पुठ्ठा एक उलटा शिवला तर?"

मी गप्प.

"आम्ही हातभर विणून बघायचो. कागदाशेजारी ठेवून. मग पुढचं."

आता डिझाइन कॉम्प्युटरवरून थेट मागात जातं. त्यांच्याकडं गोदामात घड्या मोजायचं काम आहे. ते सॉफ्टवेअर माझ्यासारख्याच कुणीतरी काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं असणार. त्यांनी मला तसं सुनावलं नाही. डबा उघडून शेंगाचटणी पुढं केली. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी हातभर विणून बघितलं. एकच ऑर्डर तिघांतून फिरवून परत आणली आणि मूळ ओळीशेजारी ठेवली. जिथं जिथं फरक दिसला तिथं बोट ठेवलं. नंबर अवतरणचिन्हांत घातला, तारीख पहिल्या पडद्यापासूनच वेळेविना पाठवली, सवलतीचे रकाने रिकामे का होईना पण नावानिशी पाठवले. भाचा म्हणाला, "एवढंच होय?" पुण्याचे म्हणाले, "आम्ही हेच म्हणत होतो."

अर्धं बिल मालकांनी चादरींत चुकतं केलं. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला चादरी! उरलेल्या पैशांसाठी मी आठवडाभरानं फोन केला.

"आमच्याकडून तर गेलेत," मालक म्हणाले. "तुमच्या बाजूनं बघा की जरा."