नवऱ्याचा दाखला

पांढुर्ण्याची लेक वरुडला देतात, नरखेडची लेक सौसरात सून म्हणून येते. ही सोयरीक आजची नाही. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत ही सारी गावं एकाच राज्यात होती. राज्य मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा इकडे मध्य प्रदेशातच राहिला. लग्नं मात्र पूर्वीसारखीच जुळत राहिली.

2024 मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपये. त्यासाठी राज्याची रहिवासी असल्याचा पुरावा हवा होता. अधिवास दाखला नसेल तर 15 वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, नाहीतर शाळेचा वा जन्माचा दाखला. आमच्या लेकींचे हे कागद मध्य प्रदेशचे. मग तोड निघाली: परराज्यात जन्मलेली बाई महाराष्ट्रातल्या माणसाची बायको असेल, तर नवऱ्याचे कागद चालतील. कित्येकींचं काम त्यानं झालं, हे मी नाकारत नाही. पण बाई कुठं राहते हे तिच्या नवऱ्याच्या दाखल्यावरून ठरवायचं, ही गोष्ट मला तेव्हाही खटकली, आजही खटकते.

त्या ऑगस्टात आमच्या गल्लीतली एक लेक अर्ज भरायला गेली. सासर सीमेपलीकडे, लग्नाला अकरा वर्षं झालेली. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हापासून त्याच गावात किरायाच्या खोलीत पोरीसोबत राहते, निंदणाला जाते. पन्नीत शाळेचा हिंदी दाखला. त्यावर जिल्हा छिंदवाडा, आणि आम्ही तर 2023 पासून पांढुर्णा जिल्हा! आधारवर सासरचं आडनाव. समोर अर्ज घेणारा म्हणाला, ‘नवऱ्याचा दाखला आणा.’

‘तो कायले देईन, भाऊ?’

याला उत्तर नव्हतं. योजनेच्या नियमात परित्यक्ता पात्र आहे, स्पष्ट शब्दांत. मग तिचा पुरावा तिला टाकून देणाऱ्याच्या पेटीत का ठेवता? सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली, तिथंही नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी. ओरड झाली, तेव्हा नवरा-वडील हयात नसलेल्यांना आणि घटस्फोटितांना कागद जोडायची सोय दिली. कोर्टाची पायरीही न चढता जिला घराबाहेर काढलं, तिनं कोणता कागद जोडायचा?

माहेरी परत ये म्हणावं, तर इकडच्या लाडली बहना योजनेनं 2023 मध्ये अर्ज घेतले तेव्हा समग्र आयडी, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदीतला क्रमांक, मागितला होता. तिचं नाव लग्नानंतर माहेरच्या समग्रमधून कापलेलं. दोन्ही सरकारं तिला बहीण म्हणतात आणि दोन्हीकडं तिचं नाव नाही.

रहिवास तपासावा, त्याला माझा विरोध नाही. पैसा जनतेचा आहे. पण त्या गावच्या अंगणवाडीत तिच्या पोरीच्या वजनाची वर्षावर्षाची नोंद आहे. सेविका तिला नावानं ओळखते, खोली कुठली तेही जाणते. सरकारचंच रजिस्टर, सरकारचीच सेविका. तिची सही रहिवासाला पुरावा म्हणून चालली पाहिजे, आणि पडताळणी कार्यालयानं करावी, बाईनं नव्हे.

दुसऱ्या खेपेला ती लेक लग्नाची पत्रिका घेऊन गेली. हळदीचं बोट लागलेली, घडीवर फाटलेली. तिच्या नावाखाली पांढुर्णा आणि त्याच्या नावाखाली त्या गावाचं नाव छापलेलं होतं. समोरच्यानं ती उघडलीही नाही.