खेकडा मशीनला कसा बांधावा

शिलाई मशीनचा उजवा खण पूर्ण बाहेर ओढावा. अर्धा ओढून भागत नाही, कारण हवी ती वस्तू कायम मागच्या कोपऱ्यात असते. वाटेत पुढील ऐवज लागेल : एकमेकांत अडकून बसलेले हूक, जोडीदार हरवलेली टिचबटणं, टोक मोडलेल्या सुया (ठेवून दिलेल्या, कशासाठी ते विचारू नये), पायडलच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा, निळ्या खडूची चिमूट आणि एक दहा पैशांचं नाणं. या सगळ्याखाली जे बोटाला टोचेल, तेच आपलं उपकरण.

दुकानात त्याला रफलर म्हणतात. आमच्या घरात खेकडा म्हणतात, आणि ज्यानं तो पाहिला आहे त्याची या नावाबद्दल तक्रार असणार नाही. तळहातात मावेल एवढा पोलादी देह, वरच्या अंगाला दोन बोटांची नांगी, पोटात दात्यांचं चाक आणि खाली निळसर झाक मारणारी दोन पातळ पाती. सुई वरखाली होते, तिच्या दांड्याला धरलेली नांगीही वरखाली होते, त्या हालचालीवर दातेरी पातं पुढेमागे सरकतं आणि ठरावीक टाक्यांनी कापडाची एक दुमड सुईखाली लोटतं. टीप तिला जागच्या जागी जेरबंद करते. अशा दुमडी ओळीनं पडल्या की झालर झाली. खेकड्याचं सगळं शास्त्र एवढंच. बाकी जे आहे ते आपलं अज्ञान.

प्रथम घराण्याची ओळख करून घ्यावी. देव्हाऱ्यात नवी मूर्ती आणली तरी आपण विचारतोच, कुठली म्हणून. आयझॅक सिंगर या अमेरिकन गृहस्थानं १२ ऑगस्ट १८५१ रोजी आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. पुढे मशीन घरोघर गेलं तशी त्याच्यासोबत जोडसामानाची पेटी जाऊ लागली. १८८९ च्या पेटंटची सिंगरची एक लाकडी पेटी तर अशी होती, की कडी काढली की चारी अंगांनी उलगडून सपाट व्हायची आणि आत प्रत्येक फूट आपापल्या कप्प्यात झोपलेला दिसायचा. काठ दुमडणारा गोगलगाईसारखा, गोटपट्टी लावणारा शिंगासारखा, टक घालणारा, आणि त्यांच्यात थोरला हा खेकडा. पानाचा डबा उघडावा तशी ही पेटी उघडायची आणि पानाच्या डब्यापेक्षा कितीतरी कमी वेळा उघडली जायची.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलत, तरी १९२४ साली त्यांनी शिलाई मशीनचा अपवाद केला. बायकोचे शिवताना होणारे हाल सिंगरला बघवेनात, तिच्यावरच्या प्रेमापोटी त्यानं हे यंत्र काढलं, असं त्यांचं म्हणणं. कल्पना गोड आहे. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचा संसार फारच चुणीदार होता. निरनिराळ्या स्त्रियांपासून झालेली त्यांची मुलं दोन डझनांच्या घरात जातात. यातल्या नेमक्या कुठल्या बायकोचे हाल बघवले नाहीत, हा प्रश्न गांधीजींना तेव्हा कुणी विचारला नसावा.

आता मूळ विधीकडे वळू. खेकडा बाहेर काढायला निमित्त लागतं. माझ्याकडे ते पुतणीच्या पाचव्या वाढदिवसाच्या रूपानं आलं. पांढरा टूबायटूचा फ्रॉक, खाली घेराला झालर, मागे पट्ट्याचं फूल. सासूबाई म्हणाल्या, झालर मी घालते. त्यांची पद्धत अशी : मशीन चालू, पाय पायडलवर, उजव्या हातात कात्री, आणि कात्रीच्या मिटलेल्या टोकानं एकेक चुणी फूटाखाली सारायची. माप विचाराल तर ‘दोन बोटं सोडून’. कुणाची बोटं ते सांगत नाहीत.

“आई, तुम्ही बसा. मी खेकडा लावते,” मी म्हटलं.

“लाव,” त्या म्हणाल्या. एवढंच. अनुभवी वाचकांना या एका शब्दातला धोका कळेल.

बांधणी करताना आधी आपलं मशीन कुठल्या उंचीचं आहे ते बघावं. ज्या स्क्रूनं फूट बसतो, तिथपासून खालच्या पत्र्यापर्यंत फूट टेकलेला असताना अर्धा-पाऊण इंच अंतर असेल तर मशीन ठेंगणं, एक-सव्वा इंच असेल तर उंच. घरोघरची काळी पायडल मशीनं बहुधा ठेंगणी. ठेंगण्या मशीनला उंच खेकडा बसत नाही. हे दुकानदार विकताना सांगत नाही, परत न्यायला गेल्यावर सांगतो.

जुना फूट काढून खेकडा त्या जागी सरकवावा आणि त्याच वेळी त्याची नांगी सुई आवळायच्या स्क्रूवर दोन्ही बाजूंनी बसली आहे ना, हे डोळ्यांनी बघावं. अंदाजानं चालत नाही. मग पेचकसानं घट्ट आवळावा. बोटांनी आवळलेला खेकडा तिसऱ्या मिनिटाला सुटतो आणि सुई थेट त्याच्या डोक्यावर उतरते. त्या वेळी होणारा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो. म्हणून पायडलला पाय लावण्याआधी चाक हातानं दोन-तीन फेरे फिरवावं. काही अडलं तर अर्ध्यावर थांबता येतं. नीट बसलेला खेकडाही चालताना खडखडतोच, त्याला घाबरू नये. मात्र खडखडाटाचा सूर बदलला तर लगेच पाय काढावा.

टीप (ही वाचायची आहे, मारायची नव्हे) : काही नव्या मशीनवर नागमोडी शिवणीची सोय असते. ती बंद असल्याची दोनदा खात्री करावी. खेकड्याच्या भोकात सुईला सरळच उतरता येतं. ती डावीउजवीकडे गेली तर उजव्या खणातल्या मोडक्या सुयांत एकीची भर पडते.

आता आकडे. खेकड्याच्या पुढच्या अंगाला एक पट्टी असते, तिच्यावर १, ६, १२ आणि एक तारा. ही पट्टी उचलून हव्या त्या खाचेत बसवायची. १ वर ठेवली तर प्रत्येक टाक्याला एक चुणी, म्हणजे दाट, गजबजलेली फ्रिल. ६ वर सहा टाक्यांनी एक, १२ वर बारा टाक्यांनी एक, म्हणजे सुटीसुटी प्लेट. ताऱ्यावर ठेवलं की चुणीच नाही, सरळ टीप. अनेकजणी पहिल्या दिवशी ताऱ्यावरच अर्धा तास शिवतात आणि खेकडा बिघडला म्हणून डबीत परत ठेवतात. असे निरपराध खेकडे या महाराष्ट्रात किती असतील!

चुणी किती खोल पडावी यासाठी बाजूला वेगळा स्क्रू असतो. तो आवळला की पातं लांब धाव घेतं आणि जास्त कापड आत ओढतं.

कापड भरताना झालरीची पट्टी दोन निळ्या पात्यांच्या मधून घालावी. ज्या कापडाला झालर जोडायची, ते त्या पात्यांच्या खालून. दोन्ही एकाच वेळी शिवली जातात, यातच खरी बचत. उलटं घातलं तर फ्रॉकला चुण्या पडतात आणि झालर सपाट राहते. बघणाऱ्याला वाटतं, फॅशन असेल. आपण गप्प राहावं.

यानंतर हिशेब. शिवणाऱ्या माणसाला हिशेब आवडत नाही. आवडला असता तर तो बँकेत गेला असता. पण खेकड्याला तो लागतो. फ्रॉकचा घेर ६० इंच. इंचाला दहा टाके धरले तर घेराला ६०० टाके. पट्टी ६ वर, म्हणजे १०० चुण्या. १ वर असती तर ६००, पण मग पाच वर्षांची मुलगी फ्रॉकच्या आत सापडली नसती. दुप्पट कापड धरलं की १२० इंच लांबीची पट्टी. ३६ इंच पन्ह्याच्या कापडातून आडव्या चार पट्ट्या काढल्या, तीन ठिकाणी जोडल्या. प्रत्येक जोडात एक इंच गेला, तरी उरल्या १४१. म्हणजे २१ इंच चैन.

एक महत्त्वाचा नियम इथे सांगून टाकते. ‘एवढी पट्टी एवढ्या घेरात बसव’ असं खेकड्याला सांगता येत नाही. तो आपल्या सवयीनं चुण्या पाडतो आणि जे होईल ते आपल्याला देतो. म्हणून त्याच कापडाचा वीस इंचाचा तुकडा घेऊन आधी शिवून बघावं. दहा इंच उरला तर दुप्पट, आठ उरला तर अडीचपट. मी हे केलं. नेमके दहा इंच उरले. सासूबाई आतून भाजी निवडत बघत होत्या. मी तो तुकडा उचलून त्यांना दाखवला. इतकं करायला नको होतं.

पुढचा भाग सावकाश वाचावा. चुण्यांचा नमुना झाल्यावर मी चार पट्ट्या जोडल्या. जोड मजबूत यावा म्हणून टाका बारीक केला, इंचाला वीस. जोड इस्त्रीनं दोन्ही बाजूंना फाकवून बसवले, कारण जाड जोडावर पातं अडखळतं. सगळं पुस्तकाप्रमाणे. मग पुन्हा खेकडा बांधला, नांगी बघितली, चाक हातानं फिरवलं आणि झालर सुरू केली.

टाका पुन्हा मोठा करायचा राहिला.

खेकडा इंच मोजत नाही, टाके मोजतो. त्याला सहा टाके मिळाले की तो चुणी पाडतो. ते सहा टाके सहा दशांश इंचात बसले की तीन दशांशात, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नमुन्यात सहा दशांश इंच शिवणीमागे सहा दशांश कापड चुणीत जात होतं, म्हणजे दुप्पट. आता तीन दशांशामागे तेवढंच जात होतं, म्हणजे तिप्पट. दिसायला फार देखणं दिसत होतं, एवढं मात्र मान्य करावं लागेल. चुणीला चुणी लागलेली, परीटघडीचा डौल. १४१ इंच पट्टी संपली तेव्हा झालर ४७ इंच झाली होती आणि फ्रॉकचा १३ इंच घेर उघडा होता.

“संपली?” आतून आवाज आला.

“मशीननं जास्त ओढलं.”

“मशीन मोजत होतं. तू काय करत होतीस?”

हा प्रश्न मार्गदर्शिकेत उत्तरासाठी घेतलेला नाही.

शिल्लक कापडातून दीड हात पट्टी निघाली. तेवढ्यात तिप्पट दाट चुण्या बसेनात. सासूबाईंनी खेकडा काढायला लावला, साधा फूट बसवला, कात्री घेतली आणि ‘दोन बोटं सोडून’ ते तेरा इंच भरून काढले. सात मिनिटं लागली. त्यांच्या चुण्या थोड्या विरळ, थोड्या कललेल्या, पण मागच्या बाजूला. फ्रॉकच्या मागच्या बाजूनं मराठी घरांवर मोठे उपकार केलेले आहेत.

ज्यांना चुण्यांपेक्षा शिस्त आवडते त्यांच्यासाठी खेकड्याचा धाकटा भाऊ, टक घालणारा फूट. हा स्वतः दुमडत नाही. एक टक शिवली जात असताना शेजारी पुढच्या टकेची मोड नुसती दाबून खुणावून ठेवतो. आपण त्या मोडीवर दुमडायचं. याला दोन मापपट्ट्या असतात. सिंगरच्या जुन्या फूटावर टकेच्या रुंदीचा एक आकडा म्हणजे इंचाचा आठवा भाग, अंतराचा एक आकडा म्हणजे पाव इंच. दोन्हीकडे सारखा आकडा ठेवला तर टका एकमेकींना चिकटून पडतात, कारण टक दुमडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं आणि पाव इंच हे आठव्या भागाच्या बरोबर दुप्पट. हे कळलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही. घरात कुणाला सांगितलं तर त्यांनी जांभई दिली.

अर्थात टक घालण्याचा आपल्याकडचा खरा उपयोग निराळा. फ्रॉक ‘वाढत्या अंगाचा’ शिवायचा, खाली रुंद टक घालून ठेवायची, दरवर्षी एकेक उसवायची. उसवलेल्या जागी जुन्या रंगाची रेघ उरते आणि मुलीची तीन वर्षं त्या रेघांवरून मोजता येतात. त्यासाठी कुठल्या फूटाची गरज पडलेली नाही.

काम झाल्यावर खेकड्याला डबीत ठेवण्यापूर्वी पात्यांमध्ये अडकलेले सुताचे धागे चिमट्यानं काढावेत आणि चाकाला मशीन ऑइलचा एक थेंब द्यावा. एकच. मी तीन दिले. वर्षभरानं खण पुन्हा पूर्ण ओढाल तेव्हा ते तेल पात्यांवर उतरलेलं असेल आणि झालरीच्या पहिल्या दोन इंचांवर पिवळा डाग येईल. तो भाग मागे घ्यावा. मागे आधीच काही लपवलेलं असेल तर पट्ट्याचं फूल मोठं करावं.