आधी ब्रेक, मग घोडे

ट्रॉय, मिशिगन

ती. आई आणि ती. आप्पा यांना,


सगळ्यात आधी महत्त्वाचं: मंदारची नोकरी शाबूत आहे. आई, काल फोनवर तुम्ही ज्या आवाजात "खरं सांग, काही लपवत नाहीस ना?" असं विचारलंत, त्याने माझ्याच पोटात गोळा आला. तो कुठल्या गॅरेजमध्ये कामाला लागलेला नाही. गॅरेज आमचंच आहे, गाडीही आमचीच आहे, आणि सुमाआत्यांनी फॉरवर्ड केलेल्या फोटोत गाडीखालून बाहेर आलेले ते पाय पगार मिळवायला नव्हे, पगार उडवायला तिथे गेलेत. सुमाआत्यांना सांगा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, फॉरवर्ड करायला नाही.

आप्पा, तुम्ही मोबाइलवर लांबलचक वाचत नाही, म्हणून हे बंड्याला मेल करतेय. तो प्रिंट काढून देईल. बंड्या, तू वाचू नकोस. वाचलंसच तर तुझा विषय खाली आहे.

पार्सल मिळालं. गोडा मसाला उघडला आणि ईरा वरच्या खोलीतून धावत आली. भाजणीच्या पिशवीत मात्र काहीतरी टोचलं, बघते तर जुन्या रुमालात गुंडाळलेला फीलर गेज! आप्पा, धन्य आहात. कस्टमवाल्यांनी पिशवी फोडली असती तर चकलीच्या पिठात पोलादाच्या पट्ट्या कशाला, हे मी त्यांना कसं समजावलं असतं? सतरा थाऊच्या पातीवर तुमच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या दिवसांतली लाल रंगाची खूण अजून आहे. मंदारने त्याच रात्री पॉइंट्स साफ करून गॅप लावली आणि इंजिन असं एका सुरात चालायला लागलं, की मलासुद्धा फरक कळला. त्याला मी तसं सांगितलेलं नाही.

(कुकर उतरवून आले.)

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. गाडी १९७० ची डॉज डार्ट. तुम्ही नेहमी सांगता ना, वालचंदशेठनी क्रायस्लरशी करार केला म्हणून कुर्ल्यात डॉज आणि फार्गो जुळल्या? त्याच घराण्यातली. आत ३१८ आहे, म्हणजे ३१८ घन इंच, आपल्या हिशोबाने ५.२ लिटर. आपल्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं होतं, तेव्हा एका बॉनेटखाली पावणेपाच पद्मिनी बसल्या. ॲव्हरेज लिटरला सहा. उतारावर, आणि मंदारच्या तोंडून, सात.

वादाचा मुद्दा असा की या हिवाळ्यात आहे तेच इंजिन दुरुस्त करायचं की दुसरं बसवायचं. त्या साली डार्टमध्ये खालच्या टोकाला स्लँट सिक्स मिळायचं, तीस अंशांत कलंडलेले सहा सिलिंडर. त्यातलं २२५ घन इंचाचं १४५ घोड्यांचं. याला मरण नाही, असं इथले जुने मेकॅनिक सांगतात. तुम्ही तेच घेतलं असतंत, मला ठाऊक आहे. त्याच्यावर आमचं ३१८, व्ही-एट, टू-बॅरल कार्बुरेटर, २३० घोडे, कॉम्प्रेशन बेताचं, म्हणून साध्या पेट्रोलवर मुकाट चालतं. त्याच्यावर ३४०, फोर-बॅरल, २७५ घोडे. पण कॉम्प्रेशन साडेदहाला एक, त्यामुळे त्याला महागडं प्रीमियम पेट्रोलच लागतं, नाहीतर चढावर टकटक सुरू. मंदारचा जीव यात अडकलाय.

त्यापुढे थोरल्या पातीचे लोक. ४४० मॅग्नम, ३७५ घोडे. आणि सगळ्यांचा मुकुटमणी ४२६ हेमी, ४२५ घोडे, दोन-दोन फोर-बॅरल कार्बुरेटर, आणि दोघांचं एकमेकांशी पटवून ठेवणं हे मालकाचं आयुष्यभराचं काम. अस्सल जुनं हेमी इंजिन नुसतं घ्यायचं तर आमच्या अख्ख्या गाडीहून महाग, म्हणून तो विषय आपोआप मिटला. ४४० बसवता येतं म्हणे, पण मग गाडीचं नाक जड होतं आणि प्लग बदलायला हात आत शिरत नाही. शेवटचा पर्याय आजकालचं कॉम्प्युटरवालं इंजिन. पण दिवसभर ऑफिसात बॅटरीच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला घरी आल्यावर कॉम्प्युटर नको असतो, त्याला हात काळे करायचे असतात.

आणि हे घोडेही खरे नाहीत हं, आप्पा. १९७१ पर्यंत इंजिन स्टँडवर ठेवून, पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर असलं काही न लावता मोजायचे. १९७२ पासून सगळं जोडून मोजायला लागले, तेव्हा जवळपास हेच ३१८ एका फटक्यात १५० वर आलं. बंड्याच्या स्थळाला सुमाआत्यांनी सीटीसी सांगितला आणि मुलीच्या वडिलांनी "हातात किती येतात?" विचारलं, तसंच झालं ते. (बंड्या, ते गृहस्थ शहाणे आहेत. मुलगी भेटायला हो म्हणाली असेल तर आढेवेढे घेऊ नकोस. आणि पहिल्याच भेटीत इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय काढू नकोस.)

माझं मत मी मांडलंय. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बूस्टर नाही. सिग्नलला थांबवायची तर मंदार जवळजवळ उभा राहतो. तेव्हा आधी पुढे डिस्क ब्रेक, मग घोडे. यावर तो म्हणाला, "आप्पांना विचारू." आप्पा, तुम्ही माझ्या बाजूने आहात हे मी गृहीत धरलंय.

आता दरांचं. आई, तुम्ही हा परिच्छेद सोडा. इथे मेकॅनिकचा तासाचा दर सव्वाशे डॉलर. तो गाडीभोवती फेरी मारून "हं" म्हणाला तरी मीटर सुरू. रंगाचं विचारलं तर पंधरा हजार. मी म्हटलं, गाडीसकट का? तो हसला नाही. कृपा करून रुपयांत गुणाकार करू नका. मी एकदा केला आणि त्या संध्याकाळी आमटीला फोडणी द्यायची राहिली.

म्हणून जमेल ते मंदार स्वतः करतो. तेलही कुठलंही चालत नाही. नव्या तेलांत जस्ताचं प्रमाण कमी केलंय, आणि जस्त नसलं की जुन्या इंजिनाचा कॅम झिजतो. घरात ईराच्या कॅल्शियमकडे दुर्लक्ष होतं, पण गाडीचं झिंक कधी चुकत नाही. पेट्रोलात इथे दहा टक्के इथेनॉल. ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप मऊ पाडतं, त्यामुळे सगळे पाइप बदलले. तुम्ही ई-२० वर वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र आईंनी वाचून दाखवलं. छान आहे, फक्त 'मूर्खपणा' चार वेळा आलाय, तो दोनदा पुरे.

(ईराला नाचाच्या क्लासला सोडून आले. येताना तिने विचारलं, "आई, आपल्याकडे नॉर्मल छंद का नाहीत?")

आता इथला नियम ऐका, त्याने माझं डोकं फिरवलंय. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'ऐतिहासिक' नंबरप्लेट मिळते. तीस डॉलर, दहा वर्षांची बेगमी. मला वाटलं, कधी नव्हे ते काहीतरी स्वस्त! पण अट अशी की ही गाडी रोजच्या कामाला न्यायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक, क्लबचा मेळावा, दुरुस्तीनंतरची चाचणी, बस्स. भाजी आणायला नेली तर नियमभंग. अपवाद फक्त ऑगस्ट महिना! ऑगस्टमध्ये कुठेही, कशालाही न्या. म्हणजे ३१ जुलैला दूध आणणं बेकायदा आणि १ ऑगस्टला कायदेशीर. एरवी तुमच्या मुलाची 'चाचणी' नेमकी इंडियन ग्रोसरीच्या दिशेने असते, आणि चाचणीत कोथिंबीर सापडते. मी त्यात सामील नाही. मी फक्त यादी देते.

ऑगस्टच कशाला, तर तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ मध्ये फर्नडेलच्या लोकांनी मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू केली, आता हजारो जुन्या गाड्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर उतरतात आणि लोक सकाळपासून खुर्च्या टाकून बसतात. आम्हीही बसलो, चिवडा आणि पोळीचा लाडू घेऊन. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "आत काय आहे?" मंदारने "३१८" म्हटलं की समोरचा त्याच्या खांद्यावर सांत्वन केल्यासारखा हात ठेवतो. ३४० चं वेड तिथूनच शिरलंय. शेजारचे म्हातारबुवा, उभी हयात इथल्या कारखान्यात गेलेले, ते मात्र त्याला ठासून सांगतात, ३१८ काढू नकोस. याच बुवांशी तुम्ही व्हिडिओवर पाऊण तास बोललात ना? तुम्ही मराठीत, ते त्यांच्या इंग्रजीत, आणि मधे टॅपेट! नंतर ते मला म्हणाले, तुझ्या सासऱ्यांना काम कळतं.

माझी खरी तक्रार थंडीची आहे. मीठ टाकलेल्या रस्त्यावर गाडी गंजते, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल ती गॅरेजमध्ये झोपते, बॅटरीला चार्जर लावून. आणि माझी रोजची गाडी बाहेर बर्फात. सकाळी सहाला मी काच खरवडते तेव्हा राणीसरकार आत. उंदरांनी घरटं करू नये म्हणून पैठण्यांमधल्या डांबराच्या गोळ्या तिच्या डिकीत गेल्या. आणि आई, तुम्ही स्वतः शिवलेली गोधडी कुठे दिसत नव्हती ना? बॉनेटवर होती. मी धुऊन परत आणली आणि आता तीच पांघरून झोपते. ईरालाही देत नाही.

एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा चालू केली तेव्हा गॅरेजभर कच्च्या पेट्रोलचा धूर झाला. नव्या गाड्यांना तो वास नसतो. लग्नानंतर आपण पद्मिनीतून जेजुरीला निघालो होतो, बोरघाटात रेडिएटर उकळला, आप्पा चाकाखाली दगड लावायला धावले, आई मागे बसून मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या आणि मी नवी नवरी कॅनमधलं पाणी ओतत होते. तो सगळा घाट त्या वासात होता. मंदारकडे पाहिलं तर तोही काही बोलेना. मग मी आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

पूर्वी मंदारचा आणि तुमचा फोन म्हणजे "बरं आहे ना? घे, आईशी बोल." आता तासभर कार्बुरेटर चालतो आणि मला फोन मिळेपर्यंत आईंची झोपायची वेळ होते. म्हणून तक्रार समजू नका, पण आई, आपण दोघी वेगळी वेळ ठरवू. पाटणकरांच्या सुनेचं काय झालं ते मला अजून अर्धंच कळलंय.

बिल्डरच्या कागदांवर वकिलाला दाखवल्याशिवाय सह्या करू नका. आप्पा, पार्किंग आहे का ते विचारा, तुमची स्कूटर असली तरी विचारा. आई, पुढच्या पार्सलमध्ये कुळीथ पीठ आणि आमसुलं. स्पेअर पार्ट नकोत.

आणि आप्पा, ब्रेक आधी की ३४०, हा निकाल लेखी पाठवा, सहीनिशी. फोनवर सांगितलंत तर तुमचा मुलगा सोयीचं तेवढंच ऐकतो.

तुमची,
मुग्धा

ता. क. मंदारने मागून वाचलं. तो म्हणतो, लिटरला साडेसात.