दुखणे पडताळणी समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
दुखणे पडताळणी समिती
(ऑफिस, सोसायटी व सासर शाखा)

विषय : हर्णैच्या किनाऱ्यावरील फोटोत हसल्याबद्दल खुलासा.

महोदय/महोदया,

आपल्या समितीची कुठे नोंदणी नाही, निवडणूक तर कधी झालीच नाही, तरी कामकाजात एक दिवसाचाही खंड नाही. याबद्दल आधी अभिनंदन. माझा फोटो स्टेटसला पडला न पडला तोच आपली विचारणा आली, "समुद्रावर बरी हिंडतेस! मग ऑफिसच्या जिन्यातच कसे गुडघे दुखतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसावे.

मला रुमॅटॉइड संधिवात आहे. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांना शत्रू समजते. "या वयात?" हा आपला पुरवणी प्रश्न मी गृहीत धरला आहे. हा आजार म्हातारपणाची वाट पाहत नाही, तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त गाठतो. सकाळी उठल्यावर बोटे वळायला तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. हालचाल होत गेली की आखडलेपण उतरते. आपण पाहिलेला फोटो सकाळी अकराचा आहे. सातचा फोटो उपलब्ध नाही, कारण तो काढायला मोबाईल हातात धरावा लागतो.

दौऱ्याच्या तयारीचा तपशीलही समितीने दप्तरी घ्यावा. लोक आधी हॉटेल बघतात, मी आधी वार बघते. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि दुसऱ्या दिवशी पोटात ढवळते, म्हणून तो दिवस प्रवासाचा नको. शिवाय एक इंजेक्शनही असते, ते २ ते ८ अंश तापमानात न्यावे लागते. त्यासाठी बर्फाच्या पिशव्यांचा डबा. पण बर्फ थेट टेकला आणि औषध गोठले, तर ते फेकावे लागते. खोलीतला फ्रीज फ्रीज आहे की नुसते थंडगार कपाट, हे फोनवर विचारले की पलीकडचा माणूस "मॅडम, बिअर मस्त गार होते" एवढीच हमी देतो. मग पुढचे प्रश्न : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गीझरचे पाणी सकाळी किती वाजता येते. समुद्र दिसतो का, हे विचारायचे बहुतेक वेळा राहूनच जाते. त्यात रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा. २०११ पासून चौपदरीकरण चाललेल्या त्या रस्त्यावर धडधाकट माणसालाही मणके मोजता येतात, मग माझी काय कथा! परत आल्यावर एक दिवस नुसता पडून राहण्यासाठी राखून ठेवते. आपण ज्याला "दांडी" म्हणता, तो हाच दिवस.

समितीच्या रायगड ठरावाचाही उल्लेख करते. रोपवेने गेलेल्याला गड "चढला" म्हणता येणार नाही, असा निर्णय आपल्या काकांनी जेवणाच्या पंगतीत दिला होता. मान्य. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या मी चढले नाही. तरी महाराजांच्या समाधीपुढे मी उभी राहिले, तेव्हा पायऱ्यांची पावती कुणी मागितली नाही.

पहाटे पाचला उठा, सहाला नाश्ता, सातला गाडीत बसा, अशा सहली मात्र मी सोडून दिल्या. त्या आखणाऱ्यांचे सांधे बहुधा रात्रीच तेल घालून ठेवलेले असतात.

आता मूळ मुद्दा. घरी बसले असते तर दुखले नसते, असे समितीने गृहीत धरले आहे. दुखणे घरीही असतेच; फरक एवढाच की घरी त्याच्या जोडीला कुकरच्या शिट्ट्या असतात आणि हर्णैला सुवर्णदुर्ग दिसतो. मी हसले, कारण त्या क्षणी मजा वाटत होती. घोटा तेव्हाही ठणकत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतात, हे समितीच्या नियमावलीत नसावे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र आपली १९७९ची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा खाली एक टीपही जोडली : कुणी आपल्याला दुखते असे सांगितले, तर त्या सांगण्याचा मान ठेवावा. टिपेची प्रत आपल्याला पोचली नसेल, म्हणून कळवले.

पुढील फोटोंत चेहरा पाडण्याची आपली सूचना विचारात घेतली होती. जमले नाही. सोबत आलेली भाची फार विनोदी आहे.

शेवटी एक विनंती. पुढच्या महिन्यात मी कोकण रेल्वेने निघते आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना खालचा बर्थ देण्याचा रेल्वे आपणहून प्रयत्न करते. माझे वय त्याला पुरत नाही आणि सांध्यांचे वय तिकिटावर लिहायची सोय नाही, म्हणून मला वरचा मिळाला आहे. समितीचे कुणी सदस्य त्याच डब्यात असतील, तर चौकशी खुशाल सावंतवाडीपर्यंत चालू ठेवावी, फक्त त्याआधी खालचा बर्थ मला द्यावा.

आपली नम्र,
एक हिंडफिरी दुखणाईत