रावपुऱ्यातले परदेशस्थ

उष्ण कटिबंधात जाऊन राहणाऱ्या परदेशी माणसाच्या अडचणी जगभर ठरलेल्या असतात. ऊन सोसत नाही, पाणी बाधतं, जेवणाची चव जमत नाही, कामाच्या माणसांशी भाषेचं अडतं, मुलांना कुठल्या शाळेत घालावं ते सुचत नाही, आणि ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य ऐकून घ्यायला हक्काचं माणूस मिळत नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी तर या अडचणींचं शास्त्रच केलं. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेमसाहेबांसाठी घरकामाचं एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात खानसाम्याचा हिशेब कसा तपासावा इथपासून उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी बिऱ्हाड कसं हलवावं इथपर्यंत सगळं आहे. पण हे दुखणं फक्त गोऱ्या माणसाला होतं असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी बडोद्याच्या रावपुऱ्यात एक चक्कर टाकावी. तिथे एक मराठी गृहस्थ राहतात. सोयीसाठी त्यांना रावपुरेकर म्हणू. बडोदं गायकवाडांच्या हाती आलं १७३४ साली. रावपुरेकरांचे पूर्वज त्या फौजेबरोबर शिलेदार म्हणून आले, किंवा तिच्या मागोमाग दौत-लेखणी घेऊन कारकून म्हणून आले. मुक्कामाला तीनशे वर्षं होत आली. रावपुरेकर अजून तात्पुरतेच राहत आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की रावपुरेकर परदेशात राहत नाहीत. ते परदेशीपण पाळतात, जुन्या घरांत सोवळं पाळत तसं. सोवळ्याला जशी घरात भरपूर जागा, वेळ आणि दुसऱ्या कुणाचे तरी कष्ट लागत, तशी या पाळण्यालाही लागतात. खरोखर उपरा असलेल्या माणसाला ही चैन परवडत नाही. पहिल्या महिन्यात भाड्याची खोली शोधणारा बिहारी मजूर ‘आमच्याकडे’ची गोष्ट कुणाला सांगत बसत नाही. ती सांगायला स्वतःचं घर लागतं, दारात ओळखीचा भाजीवाला लागतो, आणि शेजारच्या शहांशी तीन पिढ्यांचा घरोबा लागतो.

सुरुवात हवेपासून करू, कारण रावपुरेकरही तिथूनच करतात. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि चिमणाबाईंच्या टॉवरखालून जाताना रावपुरेकर कपाळ पुसत म्हणतात, ‘ही काय माणसानं राहायची हवा आहे? आपल्याकडे संध्याकाळी कसा गार वारा सुटतो!’ टॉवर १८९६ सालचा आहे. त्याच्या घड्याळाइतकंच हे वाक्यही जुनं असावं. भूगोलाचं म्हणणं मात्र वेगळं पडतं. कर्कवृत्त बडोद्याच्या उत्तरेला जेमतेम एक अंशावरून जातं, म्हणजे बडोदं उष्ण कटिबंधाच्या काठावर आहे. पुणं, सातारा, रत्नागिरी त्याच्यापेक्षा चार-पाच अंश आत आहेत. हवा अक्षांशावर ठरत नाही, उंचीवर ठरते, असं यावर कुणी म्हणेल, आणि पुण्यापुरतं ते बरोबरही आहे. पण मग नागपूर कुठे ठेवायचं? चंद्रपूर, जळगाव कुठे ठेवायची? रावपुरेकरांच्या ‘आपल्याकडे’मध्ये ही गावं येतच नाहीत. त्यांचा महाराष्ट्र शनिवारवाड्यापासून महाबळेश्वरापर्यंत जातो आणि तिथल्या गारठ्यात संपतो. ज्या राजाचं नाव ते दिवसातून दोनदा घेतात, ते सयाजीराव १८७५ साली दत्तक आले ते मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याहून, आणि मालेगावच्या उन्हाळ्याला कुणी गुलाबी म्हटल्याचं ऐकिवात नाही. महाराज पुढे प्रकृतीसाठी वरचेवर युरोपात जात. ते इतकं, की संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर कर्झननं १९०० साली परिपत्रक काढलं तेव्हा त्यातला मोठा वाटा आपलाच आहे असं बडोद्याला वाटलं. रावपुरेकरांना युरोप परवडत नाही. ते मेमध्ये पुण्याला पुतण्याकडे जातात आणि पंख्याखाली बसून वारा सुटण्याची वाट पाहतात.

दुसरा मुद्दा गोडाचा. गुजराती डाळीत गूळ असतो हा रावपुरेकरांचा सर्वांत जुना आणि सर्वांत लाडका आरोप आहे. तो करताना त्यांच्यासमोर आमटीची वाटी असते. तिच्यात चिंच, गोडा मसाला आणि लिंबाएवढा गुळाचा खडा असतो, पण तो गूळ ‘चवीपुरता’ असतो. दोन गुळांतला फरक तात्त्विक आहे, तो जिभेला कळण्यासारखा नाही. आता सगळीच मराठी घरं काही आमटीवर वाढलेली नाहीत. शिलेदारांच्या घरी तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या माणसानं गोड डाळीबद्दल कुरकुर केली, तर ती न्याय्य आहे असं मी म्हणेन. गंमत अशी, की तो कुरकुरत नाही. तो निमूटपणे वरून ठेचा घेतो आणि जेवतो. कुरकुर नेहमी गूळवाल्यांचीच गूळवाल्यांबद्दल असते. बाकी पोटाच्या बाबतीत रावपुरेकर केव्हाच फितूर झालेले आहेत. रविवारी सकाळी ते सेव-उसळीच्या गाडीपुढे उभे असतात, दसऱ्याला सोनं वाटून झालं की फाफडा-जलेबीच्या रांगेत असतात, आणि पुण्याला जाताना त्यांच्या पिशवीत लीलो चिवडो आणि बडोद्याची भाकरवडी असते. भाकरवडी ते पुण्याला नेतात, हे नीट लक्षात घ्या. नेणारा माणूस स्वतःला कुठला समजतो, हे त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पिशवीवरून जास्त खात्रीनं कळतं. शिवाय ही सगळी तक्रार चालते झोपाळ्यावर बसून. रावपुऱ्यातच तांबेकरांचा वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातल्या बडोद्याच्या दिवाणांचा, आत भिंतीभर चित्रं असलेला. असले वाडे सगळ्यांच्या नशिबी नव्हते, पण माजघरातला झोपाळा मात्र प्रत्येक रावपुरेकरानं गुजरात्यांकडून घेतला, आणि गुजरात्यांना नावं ठेवायला त्याच्याइतकी सोयीची जागा अजून कुणाला सापडलेली नाही.

हे पाळणं बहुतेक पुरुषी आहे, हेही नोंदवायला हवं. स्टीलबाईंनी मेमसाहेबांना बजावलं होतं, की आधी इथली भाषा शिका, नाहीतर घर चालायचं नाही. रावपुरेकरांच्या घरातल्या बायकांना हे कुणी पुस्तकातून सांगावं लागलं नाही. सांगली-साताऱ्याहून लग्न होऊन आलेली सून पंधरा दिवसांत भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करते, नवरात्रात घरात घट बसवून रात्री गरब्याला जाते, उत्तरायणला तिळगुळाबरोबर उंधियूही करते. तिच्यासाठी हा व्यवहार आहे, आणि व्यवहार वेळेत उरकावा लागतो. अस्मितेची बैठक बाहेरच्या खोलीत भरते, जिथे चहा आपोआप येतो. तिथेही नीट कान दिला तर ऐकू येतं, की मराठी भाषेच्या ऱ्हासावर तळमळून बोलणारे रावपुरेकर शेअरचा भाव निघाला की नकळत गुजरातीत जातात. पैशाची गोष्ट ज्या भाषेत होते ती भाषा परकी असते, यावर माझा विश्वास बसायचा नाही.

आणि सगळ्यांत मोठा पुरावा विश्वामित्रीत पोहतो. उष्ण कटिबंधातला खरा धोका म्हणावा असा बडोद्यात एकच आहे: भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात. जुलै २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये पूर आला, तेव्हा त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या. जगातला कुठलाही परदेशी पाहुणा यावर वकिलातीला पत्र लिहील. रावपुरेकर मात्र याबद्दल तक्रारीचा एक शब्द काढत नाहीत. उलट पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ते आवर्जून पुलावर नेतात, खाली बोट दाखवतात आणि म्हणतात, ‘आमच्या मगरी.’ गुळाबद्दल कुरकुर आणि मगरीबद्दल अभिमान! तक्रारीचा त्रासाशी काही संबंध असता तर हे उलटं असायला हवं होतं.

यावर गंभीर आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रावपुरेकर म्हणतील, ‘आम्ही परदेशी झालो नाही, आम्हाला परदेशी केलं.’ बडोदं संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि रावपुरेकर झोपाळ्यावरून न उठता दुसऱ्या राज्यात गेले. दरबार गेला, दरबाराबरोबर मराठीचा कचेरीतला रुबाब गेला, पुढे मराठी शाळांची पटसंख्याही ओसरली. हे दुःख खरं आहे. पण त्याचे व्यवहारातले परिणाम पाहिले, की रावपुरेकर किती अस्सल स्थानिक आहेत हेच पुन्हा सिद्ध होतं. त्यांच्या नातीला महाराष्ट्रातल्या कॉलेजात राज्याच्या कोट्यातून जागा हवी असली, तर महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागतात, आणि तो पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याशिवाय मिळत नाही. कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रानं प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे. रावपुऱ्यासाठी ती नाही, कारण रावपुऱ्यानं कधी भांडण केलं नाही. ज्यांनी शांतपणे संसार केला त्यांचा कोटा बुडाला, असा हा हिशेब आहे. आणि गुजरातेत दारूबंदी. परराज्यातल्या पाहुण्याला ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो, पण रावपुरेकरांच्या आधार कार्डावर पत्ता रावपुऱ्याचा. परदेशी असण्याचा सरकारमान्य म्हणता येईल असा हा एकच फायदा, आणि नेमका तोच त्यांना मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: हे पाळलं नसतं तर बडोद्यात मराठी टिकली असती का? टिकली, ती कुरकुरीमुळे टिकली असं मला दिसत नाही. साहित्य संमेलन बडोद्याला १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरलं, आणि मग २०१८ साली, एक्क्याण्णवावं. मधल्या चौऱ्यांशी वर्षांत मराठी वाङ्मय परिषदेसारख्या संस्थांतून ज्यांनी खुर्च्या मांडल्या, वर्गण्या गोळा केल्या, व्याख्यात्यांना स्टेशनवरून आणलं, ती माणसं इथलीच होती आणि त्यांनी स्वतःला इथलंच मानलं. सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा कल्पतरू काढला तो आठ भाषांचा. त्यात मराठी गुजरातीच्या शेजारी बसली आणि दोघींपैकी कुणालाच त्यात कमीपणा वाटला नाही. इंग्लंडमध्ये वाढून १८९३ साली बडोद्याला नोकरीवर आलेले अरविंद घोष इथेच मराठी आणि गुजराती दोन्ही शिकले. आणि खरा परदेशी पाहायचा तर विल्यम बॉर्डन. हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० साली आले, बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली आणि १९१३ साली परत गेले. तीन वर्षांत आले, केलं, गेले. रावपुरेकरांची ट्रंक १७३४ पासून अर्धी उघडी आहे.

तिच्यात परतीची तयारी आहे, असं ते सांगतात. त्यासाठी त्यांनी पुण्याला कोथरूडच्या बाजूला दोन खोल्यांचं घरही घेऊन ठेवलंय, निवृत्तीनंतर ‘आपल्या माणसांत’ राहायला. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मधल्या काळात तिथे राहून पाहण्याचे प्रयत्न झाले, पण चौथ्या दिवशी पाणी जड वाटायला लागतं. दुपारी एक ते चार दुकानं बंद म्हणजे काय, माणसानं काय करायचं, असा प्रश्न पडतो. फरसाणाला चव नसते, शेजारी दार उघडून ‘आवो’ म्हणत नाहीत, आणि रिक्षावाल्याशी बोलताना तोंडून ‘भाई’ निघून जातं, तेव्हा तो मागे वळून विचारतो, ‘गुजरातचे का?’ रावपुरेकर त्याला रागानं सांगतात की आम्ही बडोद्याचे, आणि संध्याकाळी पुतण्याला ऐकवतात, ‘आमच्याकडे असं नसतं.’ घर सध्या भाड्यानं दिलंय. भाडेकरू सुरतेचे आहेत, भाडं पहिल्या तारखेला येतं, आणि करार महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे अकरा महिन्यांचा असल्यामुळे पुण्याला कायमचं जायचं की नाही याचा निर्णय रावपुरेकरांना दर अकरा महिन्यांनी सहीसकट पुढे ढकलता येतो.