पायांत पिसे, डोक्यात भाव

कोंबडी प्रतिष्ठेसाठीही पाळता येते, हा शोध एकोणिसाव्या शतकातल्या बोस्टनकरांचा. शांघायहून जहाजांनी आलेल्या अजस्र कोंबड्यांपासून अमेरिकेत ब्रह्मा जात घडली आणि हौशी मंडळींना तिचा ज्वरच चढला. जॉर्ज बर्नहॅम या चतुर विक्रेत्याने १८५२ मध्ये नऊ पक्षी थेट राणी व्हिक्टोरियाला नजराणा म्हणून धाडले. मग काय, भाव कडाडले! १८५५ मध्ये याच गृहस्थाने त्या वेडाची टर उडवणारे पुस्तकही काढले. एकाच दुकानात तापही मिळाला आणि काढाही.

पुढे १८७४ मध्ये कोंबड्यांच्या जातींचे अमेरिकी मानक छापले गेले आणि वेडाला नियमावली मिळाली. कोंबडा साडेपाच किलोच्या घरातला हवा. तुरा बुटका, तीन ओळींचा. पिसे पायाच्या बोटांपर्यंत हवीतच. पण तीच गुडघ्यामागे ताठ उगवली की पक्षी बाद. निसर्गाने पिसे कुठे थांबवायची, हे मानक ठरवणाऱ्या समितीने ठरवले आहे.

पाळणाऱ्याचे हाल निराळे. पिसे असलेल्या पायांना चिखल लागता कामा नये, म्हणून खुराडे कोरडे ठेवा. पक्षी सावकाश भरतो, तोवर दाणे घालत राहा. प्रदर्शनाआधी त्याला साग्रसंगीत न्हाऊ घाला. ब्रह्मा बिचारी हिवाळ्यातही नेटाने अंडी देते. पण परीक्षकासमोरच्या पिंजऱ्यात कर्तृत्व दिसत नाही, पिसे दिसतात. आणि निकाल नेहमी दिसण्यावरच लागतो.